पुढे सरकलेल्या रेघा

१. भिंतीला टेकलेलं चाक

गाडीला चार चाकं असतात हे सांगायला पंडित लागत नाही. पण त्या सकाळी, अपघातातल्या गाड्या आणून ठेवायच्या आवारात, ती निळी विजेवरची गाडी तीनच चाकांवर उभी होती. चौथ्या कोपऱ्याखाली लाकडी ठोकळे रचले होते आणि निखळलेलं चाक भिंतीला टेकून उभं होतं, आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्यानं.

त्या चाकासमोर विमा कंपनीच्या तपासनीस बाई उभ्या होत्या. त्यांना सगळे सबुरीबाई म्हणत. कारण समोरचा कितीही तावातावानं बोलू लागला तरी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "जरा सबुरीनं घ्या." जेवण उशिरा झालं की त्यांच्या घरातही याच नावानं हाक येई. पन्नाशी उलटली होती, गुडघे बोलू लागले होते, आणि गाड्यांचे अपघात नेमके गुडघ्यावर बसूनच बघावे लागतात हे त्यांच्या नोकरीतलं खरं दुःख होतं.

प्रकरण वरवर साधं होतं. गाडीच्या मालकानं दोनेक महिन्यांपूर्वी कंपनीची चाकं काढून रुंद अलॉय चाकं बसवली होती, त्यांवर रुंद टायर. चाकं आणखी बाहेर यावीत, गाडीचे खांदे भरल्यासारखे दिसावेत, म्हणून चाक आणि गाडी यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे धातूची जाड चकती. परवा तो बायकोला तिच्या दवाखान्यात सोडायला निघाला आणि वळणावर तिच्या बाजूचं पुढचं चाक निखळून गाडीच्या पुढे पळालं. गाडी दगडी कठड्यावर घासत गेली. नवऱ्याला ओरखडासुद्धा नाही. बायकोच्या मात्र मनगटाचे तुकडे झाले, गळ्याजवळचं हाडही मोडलं. ती दातांची डॉक्टर. त्या हातानं पुन्हा बारीक काम होईल की नाही, हे तिचे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते.

"यात बघायचंय काय, बाई?" आवाराचा राखणदार म्हणाला. "दुकानवाल्यांनी नट ढिले ठेवले. लिहून टाका."

कंपनीतले साहेबही सकाळी हेच म्हणाले होते. मालकानं चाकं बसवणाऱ्या बाईविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. सबुरीबाईंनी 'बसवण्यातला निष्काळजीपणा' एवढे शब्द लिहिले, की त्या दुकानाचा परवाना गेलाच म्हणून समजा. आणि एकदा चाक निखळलेल्या दुकानात कोण आपली गाडी घेऊन जातं?

"जरा सबुरीनं घ्या," म्हणत बाई एका हातानं ठोकळा धरून खाली बसल्या.

गाडीवर राहिलेल्या तिन्ही चाकांच्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती. नटावरून सुरू होऊन चाकावर उतरलेली. चाक नीट आवळलं की ही रेघ मारतात. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. इथे तर बहुतेक सगळ्या रेघा तुटल्या होत्या.

"बघा," राखणदार वाकून म्हणाला. "फिरलेत ना नट? मी काय म्हणत होतो?"

बाईंनी पाना मागवला आणि एका नटावर जोर लावला. नट ढिम्म. दुसऱ्यावर लावला, तोही ढिम्म. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नटावरची अर्धी रेघ कुठल्या बाजूला गेली आहे ते बघितलं. पुन्हा बघितलं. सगळ्या एकाच बाजूला सरकल्या होत्या, आणि ती बाजू सोडवायची नव्हती.

ते नट ढिले झालेच नव्हते. कुणीतरी ते आणखी आवळले होते.

२. ताईची रेघ

दुकान बहीणभावाचं होतं. भाऊ बोलायचा आणि बहीण काम करायची. बऱ्याच घरांत असतं तसंच. त्याला सगळे दादा म्हणत, तिला ताई. एरवी गजबजलेल्या त्या दुकानात आज गिऱ्हाइकाची एकच गाडी होती, तीही आधीच कबूल केलेली म्हणून आलेली. टायरांच्या चवडीमागे टिनचा पत्रा तापला होता, आणि ताई पुसून झालेली हत्यारं पुन्हा पुसत बसली होती.

"आम्ही बुडालो," दादानं सुरुवातीलाच सांगून टाकलं. "मीच त्याला स्पेसर घ्यायला लावले. ही नको म्हणत होती. म्हणजे नको असं नाही, पण—"

"दादा, गप बस," ताई म्हणाली. "बाई, विजेची गाडी जड असते. खाली बॅटरी असते ना. आणि पाय दाबला की हिसकाही जोरात. म्हणून मी हलका माल घालतच नाही. स्पेसर आधी गाडीला पक्का केला, मग चाक स्पेसरला. ठरलेल्या जोरानं, मोजणीच्या पान्यानं. त्या पान्यात जोर पुरा झाला की कट् वाजतं. कट् वाजलं की मी थांबते. रेघ मारते."

बाईंनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. ज्यावर नट बसतो त्या तुटलेल्या बोल्टचा एक तुकडा त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. ताईनं तो उजेडात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला.

"हा ढिलेपणानं तुटलेला नाही. ढिला असता तर आटे घासून गुळगुळीत झाले असते, चाकाची भोकं लांबट झाली असती."

"भोकं गोल आहेत. मी बघितली."

"हा बघा, इथे बारीक झालाय. ताणलाय. फार आवळलं की लोखंड आधी ताणतं, मग थकतं, मग तुटतं." ती थांबली. आपण आपल्याच गळ्याला फास लावतोय की काय, हा विचार तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसला. तरी तिनं वाक्य गिळलं नाही, आणि सबुरीबाईंना ती तिथेच आवडली. "म्हणजे तुम्ही म्हणाल, हिनंच जास्त आवळलं."

"तू आवळून मग रेघ मारली असतीस तर रेघ सरळ राहिली असती," बाई म्हणाल्या. "रेघ मारल्यावर कुणीतरी हात लावलाय. शिवाय निखळलेल्या चाकाच्या जागी तुझा स्पेसर अजून गाडीला घट्ट आहे. त्याचे आतले नट चाक काढल्याशिवाय दिसतही नाहीत. त्यांच्यावरच्या तुझ्या रेघा जशाच्या तशा आहेत. ज्यानं कुणी हे केलं, त्यानं चाक काढलं नाही. बाहेरून जेवढं दिसतं तेवढंच आवळलं."

दादानं मोठा सुस्कारा सोडला.

"इतक्यात नको," बाई म्हणाल्या. "मालक म्हणतो, तो आठवड्यानं तुमच्याकडे येऊन चाकं पुन्हा आवळून घेऊन गेला. तसं असेल तर ते जास्तीचं आवळणंही तुमच्याच खात्यात."

ताई उठली आणि तिनं बाईंना दुकानातल्या त्या एकमेव गाडीपाशी नेलं. तिच्या नटांवर पिवळ्या रेघेशेजारी एक पांढरी रेघ होती.

"नव्या चाकांना थोडं चाललं की पुन्हा तपासायचं असतं. तपासलं की मी पांढरी मारते. त्या निळ्या गाडीवर पांढरी आहे का?"

नव्हती. मालक धडधडीत खोटं बोलला होता.

३. आवळतो तो कोण?

मालकाचं घर दुमजली होतं, खाली गाडीपुरती जागा. ती जागा आता रिकामी होती आणि चार्जिंगची वायर भिंतीवर गुंडाळून ठेवली होती. दार मालकाच्या वडिलांनी उघडलं. सडपातळ म्हातारा, हातात सुरी आणि अर्धं सोललेलं सफरचंद.

"सूनबाई वर आहे, झोपलीय," ते हळूच म्हणाले. "तुम्ही बसा, मी त्याला पाठवतो. पाणी आणू?"

मालक खाली आला तो भांडायच्या तयारीनं. बाईंनी त्याला पांढऱ्या रेघेबद्दल सांगितलं आणि त्याची हवाच गेली. तो पायरीवर बसला.

"नाही गेलो," तो म्हणाला. "आज जाऊ, उद्या जाऊ, राहूनच गेलं. तिनं दोनदा आठवण केली होती. आता तिला कुठल्या तोंडानं सांगू, की मी आळस केला आणि तुझा हात गेला?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं तर हा चोरही नव्हता. नुसताच घाबरलेला नवरा होता, आणि घाबरलेला माणूस हाताशी येईल त्याच्यावर दोष ढकलतो. बाईंना त्याचा राग यायला हवा होता. आला थोडा, पण टिकला नाही.

"नट तू आवळलेस?"

"मी? मला पाना कसा धरतात तेही माहीत नाही."

त्याच्या मऊ तळव्यांकडे बघून बाईंचा विश्वास बसला. मग त्यानं आवाज खाली आणून शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. चाकं रुंद झाल्यापासून शेजाऱ्याची कटकट सुरू होती, की तुमची गाडी माझ्या फाटकात येते. एकदा तर तो ओरडला होता, "एक दिवस चाकंच काढून ठेवतो."

शेजारी पेन्शनर होता आणि झाडांना पाणी घालत होता. आरोप ऐकून त्यानं नळीच खाली टाकली.

"म्हणालो होतो, चारचौघांत म्हणालो होतो. पण बाई, मी चाकं काढली असती तर चारही काढली असती आणि त्याच्या दारात रचून ठेवली असती. लपूनछपून करायला मी काय कुणाला घाबरतो?"

"तुम्ही पहाटे उठता?"

"झोप येतेच कुणाला या वयात? आणि रविवारी तर येऊच देत नाहीत. दर रविवारी उजाडताना यांच्याकडून आवाज. कर्र, मग थांबायचं. पुन्हा कर्र. मला वाटलं, गंजलेलं फाटक असेल. सांगणार होतो, तेल घाला म्हणून."

बाई मालकाच्या फाटकापाशी गेल्या आणि त्यांनी ते हलवून बघितलं. फाटक अगदी निमूट उघडलं. मग त्या रिकाम्या जागेत उभ्या राहून स्वतःशीच विचार करू लागल्या. ज्याला वाईट करायचंय तो नट ढिले करतो. कुठलाही वैरी दर रविवारी पहाटे उठून चाकं घट्ट करत नाही. आवळतो तो आपलाच माणूस, आणि तोही काळजीनं. पण काळजी कसली? नवी चाकं, नवी गाडी, चांगलं दुकान.

त्यांनी तिन्ही चाकांच्या रेघा पुन्हा आठवून बघितल्या. सगळे नट सारखे सरकले नव्हते. मागचे थोडे, पुढच्या एका चाकाचे त्याहून जास्त. मोजणीच्या पान्यानं असं होत नाही. हातानं, मनाला येईल तसं आवळलं की असं होतं. आणि जे चाक निखळलं ते सर्वांत जास्त आवळलं गेलं असणार, नाहीतर त्याचेच बोल्ट आधी तुटले नसते. ते सुनेच्या सीटशेजारचं होतं.

४. गाडी बोलते

परतताना बाई पुन्हा दुकानात थांबल्या. दादाकडे गिऱ्हाइकांना दाखवायला तसल्याच रुंद टायरांची विजेची गाडी होती. "मला एक फेरी मारून आण," त्या म्हणाल्या. दादा पायांत चप्पल सरकवत निघाला.

गाडी सुरू झाली तेव्हा सुरू झाल्याचं कळलंसुद्धा नाही. वाणसामानाच्या दुकानावरून, शाळेच्या भिंतीवरून ती गुपचूप गेली. मोठ्या रस्त्याला लागून वेग वाढला आणि बाईंचे कान टवकारले. खालून, पायांच्या जवळून, एक आवाज येऊ लागला होता. घूं, घूं, घूं. वेगाबरोबर चढायचा आणि उतरायचा.

"दादा, थांब. चाक ढिलं झालंय बहुतेक."

दादा परवापासून पहिल्यांदाच हसला. "सगळे हेच म्हणतात, बाई. चाक अगदी ठीक आहे. हा टायरचा आवाज. रुंद टायर, जाड नक्षी. साध्या गाडीत इंजिनाच्या गोंगाटात तो बुडून जातो. यात इंजिनच नाही, मग टायर बोलतात ते सगळं ऐकू येतं. सवय होईपर्यंत जीव घाबरतो माणसाचा."

"हे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता?"

"मालकाला सांगतो की. गाडी घेऊन जातो त्याला."

"आणि घरात बाकी जे बसतात त्यांना?"

दादानं वेग कमी केला. बाईंनी त्याला गाडी वळवायला सांगितली. ज्या म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य इंजिनाच्या गडगडाटात गेलं, त्याला या शांत गाडीत बसून काय ऐकू आलं असेल, ते त्यांना आता कळलं होतं. आणि कळलं याचं त्यांना मुळीच बरं वाटत नव्हतं.

५. आणखी एक पाय

बाई मालकाच्या घरी परतल्या तेव्हा म्हातारबाबा स्वयंपाकघरात होते. सफरचंदाच्या पातळ चकत्या त्यांनी बशीत मांडल्या होत्या, एकीवर एक न येतील अशा. बाईंनी खुर्ची ओढली.

"बाबा, तुम्ही कुठली गाडी चालवायचात?"

"ट्रक," ते म्हणाले. "मालाचा. लांब पल्ल्याचा."

"ट्रक काढण्याआधी चाकांचे नट बघायचात?"

"बघितल्याशिवाय पाय नाही ठेवायचा वर. उस्तादानं शिकवलेलं. जोर वाढावा म्हणून पान्याला पाइप लावायचा, पाइपवर पाय द्यायचा. फिरला तर ढिला होता, नाही फिरला तर निघायचं." बोलता बोलता त्यांची सुरी थांबली. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी नजर वळवली नाही, पण आवाज अगदी खाली आणला.

"विजेच्या गाडीत तुम्हाला आवाज येत होता."

म्हातारबाबांनी बशीतली एक चकती सरळ केली.

"पहिल्याच दिवशी आला," ते म्हणाले. "सुनेच्या मागच्या सीटवर बसलो होतो. तिच्याच चाकातून येत होता. मी जेवताना बोललो, की चाक बोलतंय. पोरगा म्हणाला, बाबा, नवी गाडी आहे, काही नाही होत. मग रविवारी मीच पाइप घेतला. आणि बाई, नट फिरला. म्हणजे ढिलाच होता. पुढच्या रविवारी बघितलं, पुन्हा फिरला. दर वेळी जरासा फिरायचाच. मला वाटलं, हे चाक ढिलं पडत चाललंय आणि या घरात माझ्याशिवाय कुणाला फिकीर नाही. आवाज काही जाईना. म्हणून त्या चाकाला आणखी एक पाय द्यायचो. तिथे ती बसते ना."

सबुरीबाईंनी कितीतरी अपघात बघितले होते, दारू प्यालेल्यांचे, झोपलेल्यांचे, शर्यत लावलेल्यांचे. पण हे त्यांना असह्य झालं. सांगायचं मात्र होतंच, आणि तेही बाईंनीच.

"बाबा, नट ढिला नव्हता. तुमच्या पायाखाली आतला बोल्ट ताणत होता. बोल्ट लांबला म्हणून नट फिरायचा. ट्रकचे बोल्ट अंगठ्याएवढे, ते सोसतात. हे करंगळीएवढे."

"आणि आवाज?"

"नुसत्या टायरांचा. इंजिन नाही म्हणून ऐकू येणारा. चाकाला काहीही झालं नव्हतं."

म्हाताऱ्यानं सुरी बशीशेजारी ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"माझे दात तिनं बसवले," ते म्हणाले. "वर्षभर मऊ गिळत होतो मी. तिनं रोज बसून, पुन्हा पुन्हा घासून, माझ्या तोंडात बरोबर बसतील असे केले. तिनं माझे दात बसवले, आणि मी तिचा हात मोडला."

बाईंनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "मला खरं लिहावं लागेल. नाहीतर ते दुकान उगाच बुडेल, त्या मुलीला पोलीसठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. पण सुनेला हे माझ्या कागदावरून कळू नये असं मला वाटतं."

म्हातारबाबा उठले. त्यांनी नळाखाली हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, बशी उचलली आणि जिन्याकडे निघाले.

६. वरच्या खोलीत

सूनबाई उशांना टेकून होती, हात गळ्यात बांधलेला. मालक खिडकीपाशी होता. बाई दारातच थांबल्या. म्हातारबाबांनी बशी बाजूला ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आवाज, पाइप, रविवार, आणखी एक पाय. आपल्या बाजूनं एक शब्द घातला नाही.

"बाबा, मला विचारायचं तरी," मालक ओरडलाच. मग त्याला जेवतानाचं ते बोलणं आठवलं असावं, कारण त्याचा आवाज खाली आला. तो म्हणाला, "मीही आवळून आणायला गेलो नव्हतो. खोटं बोललो मी. गेलो असतो तर त्या ताईनं त्याच दिवशी रेघा बघितल्या असत्या."

सुनेनं आधी नवऱ्याकडे बघितलं. "त्या ताईवरची तक्रार मागे घे. आत्ता. आधी तिला फोन कर, मग पोलिसांना."

तो बाहेर गेला. फोनमधून ताईचा आवाज दारापर्यंत येत होता. तिनं आरडाओरडा केला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांना आवाजाचं कुणीतरी सांगायला हवं होतं. आमच्याकडूनही राहिलंच. यापुढे गाडी देताना घरच्या सगळ्यांना बसवून एक फेरी मारून आणीन मी." मग एकदम तिचा बांध फुटला, आणि दादा मागे "अगं, रडतेस काय आता" म्हणताना ऐकू आला.

इकडे खोलीत म्हातारबाबा बशी घेऊन परत जावं की थांबावं, या विचारात उभे होते.

"तुम्ही जेवताना म्हणाला होता," सून म्हणाली. "चाक बोलतंय म्हणून. मी ऐकलं होतं, बाबा. मला वाटलं, वय झालं, कान वाजत असतील. मीही काही विचारलं नाही."

"तुझी काय चूक, पोरी."

"मला राग आलाय तुमचा. खूप आलाय. रोज सकाळी हा हात हलवून बघेन ना, तेव्हा रोज येईल बहुतेक."

"येऊ दे," म्हातारा म्हणाला. "मी आहे इथेच."

तिनं डोळे मिटून घेतले. गळ्यातल्या हाताची बोटं तेवढी हलवून बघितली. दोन हलली, बाकीची नाहीत. मग डोळे उघडून ती म्हणाली, "मला नीट उठून बसायचंय. हात द्या."

म्हाताऱ्याचा हात पुढे आला आणि मध्येच अडखळला. त्यानं दाराकडे बघितलं, मुलगा येतोय का म्हणून.

"तुम्हीच द्या," ती म्हणाली. "हळू."

म्हातारबाबा पलंगाच्या कडेला वाकले. त्यांनी एक तळवा तिच्या पाठीखाली घातला, दुसरा तिच्या चांगल्या हातात दिला, आणि तिचं अंग आपणहून जेवढं उठेल तेवढीच साथ देत, कुठेही जोर न लावता, तिला उठवून बसवलं.